भिंतीवरचं पीक

कॅमेऱ्यामागे उभं राहायला लागण्याआधी मी मोताळ्याच्या आसपासच्या भिंती रंगवायचो. आजही शूटिंग नसलं की चित्रं काढत बसतो, पण हात बसला तो त्या भिंतींवर. बीटी कपाशीचं बियाणं तेव्हा नवं नवं आलं होतं आणि प्रत्येक कंपनीला भिंतीवर बोंड हवं असायचं. मी बोंडं काढायचो ती नारळाएवढी. बाबा बाजाराला जाताना सायकल थांबवून बघायचे आणि चार माणसांत म्हणायचे, "आमच्या घरचं एकच पीक पक्कं, भिताडावरचं. त्याले ना पाणी लागत, ना फवारा." लोक हसायचे, मीही हसायचो. वावरातलं पीक पहिली काही वर्षं बरं आलं. मग गुलाबी अळीने बोंडात घर केलं आणि बाबा तोच विनोद जरा हळू आवाजात करू लागले.

मुंबईत बरीच वर्षं दुसऱ्यांच्या हाताखाली लाइट उचलल्यावर अखेर एक सिनेमा स्वतंत्रपणे शूट करायला मिळाला. गोष्ट कपाशीची, म्हणून सगळ्यांना घेऊन आलो आमच्याच वावरात. दिग्दर्शकाने आधीच बजावलं होतं, "क्षितिजापर्यंत पांढरंशुभ्र शेत आणि कापूस वेचणाऱ्या दुःखी बायका. हा शॉट मिळाला नाही तर मी दुसरा कॅमेरामन बोलावणार." हा माणूस गमतीत बोलणाऱ्यांतला नव्हता. त्या वर्षी अळीने अर्ध्याहून जास्त वावर खाल्लं होतं, बोंडं झाडावरच काळी पडून वाळली होती. रस्त्याकडेचा पट्टा तेवढा फुटला होता. दादाने, म्हणजे माझ्या मोठ्या भावाने, तो न वेचता माझ्यासाठी राखून ठेवला. बाबा तेव्हा मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी बहिणीकडे बुलढाण्याला होते.

आदल्या संध्याकाळी वहिनीने बायकांना निरोप दिला, "उद्या शूटिंगवाल्याइसाठी कापूस येचा लागते." आता आमच्याकडच्या बाईला कापूस वेचायला सांगितलं की ती कापूस वेचते. सकाळी आम्ही लॉजवर पोहे खाऊन, दुसरा चहा घेऊन वावरात पोचलो तर पट्टा साफ! झाडाखाली सीतादही करून, म्हणजे पहिल्या वेचणीची दहीभाताची पूजा करून, बायका ऊन चढायच्या आत मोकळ्याही झाल्या होत्या. बांधावर कापसाचा ढीग, आणि ढिगाला टेकून त्या आमची वाट बघत बसलेल्या.

"झालं आमचं," त्यांच्यातली म्हातारी अभिमानाने म्हणाली. "एक बोंड सोडलं नाही. आता काढा फोटू."

दिग्दर्शक मटकन बांधावर बसला आणि त्याने खिशातून फोन काढला. तो कोणाला फोन लावणार हे मला सांगायला नको होतं. मी एकदा ढिगाकडे बघितलं, एकदा मागच्या काळ्या बोंडांकडे, आणि दादाला म्हटलं, "घरात असेल तेवढा चुना आण. आणि माझे जुने ब्रश."

"वावराले काऊन चुना लावतं बे?" असं ओरडत का होईना, दादा गेला.

पुढच्या ओळींतल्या रिकाम्या टरफलांत बायकांना वेचलेला कापूस परत बसवायला लावला. त्यांच्या हसण्याने वावर दणाणून गेलं. "जन्मात पह्यल्यांदा पऱ्हाटीले कापूस वापस देऊन राह्यलो, माय!" मी मागच्या ओळींत वाकून वाळक्या बोंडांना चुना फासत होतो. लांबच्या पल्ल्याची लेन्स लावली की मागचं सगळं पुसट होतं, नुसते ठिपके दिले असते तरी भागलं असतं. पण हाताची सवय जाते का? प्रत्येक बोंडाला चार फाका काढत बसलो. कंबर मोडली, पण इतका आनंद मला कुठल्याच सेटवर झाला नव्हता.

दुपार कलल्यावर कॅमेऱ्याला डोळा लावला. क्षितिजापर्यंत पांढरं. बायकांचं हसू काही केल्या थांबेना, म्हणून शॉट हसऱ्या बायकांचाच झाला. दिग्दर्शकाने तो दोनदा बघितला आणि फोन खिशात ठेवला.

सिनेमा आमच्या जिल्ह्यात कुठे लागलाच नाही. पुढच्या दिवाळीला मी तो पेन ड्राइव्हमध्ये घेऊन घरी गेलो. बाबा टीव्हीपुढे खुर्ची ओढून बसले. तो शॉट आला तसे पुढे वाकले.

"एवढा कापूस झालता त्या साली?"

दादाने माझ्याकडे न बघता सांगितलं, "हाव बाबा. झालता."

शॉट संपला. बाबा गालात हसत होते.

"मले शेंडी लावता बे? भिताडावरचं पीक हाय हे. पोराचा हात मी वळखत नाही काय?"

बाबांनी चष्मा काढून धोतराने पुसला, परत डोळ्यांवर चढवला आणि मला म्हणाले, "मांगं घे. आखीन एक डाव पाहू दे."