बाजाराच्या दिवशी बंद दुकान

आप्पा गेल्याचं त्यांच्या सूनबाईंनी फोनवर सांगितलं, तेव्हा मी काय विचारावं? "दुकान बंद आहे का आज?" काय करणार... ते दुकान मी उभ्या आयुष्यात दोनदाच बंद पाहिलं होतं. दीड महिना झाला, त्या प्रश्नाची मला अजून लाज वाटते.

आमच्या गावात चौकालाच आप्पांचं लोखंडी सामानाचं दुकान. कपाळाला भस्म, गळ्यात लिंग, बोलणं गोड आणि डोक्यात एकच खूळ, गाव नीट दिसलं पाहिजे. त्यापायी त्यांनी आम्हा दहा-बारा जणांना गोळा करून गावसुधार मंडळ काढलं. मी शाळेत मराठी शिकवायची, म्हणून अर्ज लिहायचं काम माझ्या गळ्यात पडलं. नियम आप्पांचा. कुठलीही जागा सुधारायची, तर आधी आठवडाभर पाळीपाळीनं तिथं जाऊन बसायचं. नुसतं बघायचं. मला हा शुद्ध रिकामटेकडेपणा वाटायचा आणि मी तसं तोंडावर सांगायची. "बाई, वैद्य बी आधी नाडी बघतो की," एवढंच ते म्हणायचे.

कडुनिंबाखालच्या मैदानाची नाडी आम्ही अशीच पाहिली. शेळ्या, प्लॅस्टिक, फुटक्या बाटल्या. मग खेटे घालून परवानगी मिळवली, रोपं लावली, तारेचं कुंपण घातलं, फाटकाला कुलूप लावलं. बुधवारी हारतुऱ्यांसकट उद्घाटन झालं, आणि दुसऱ्या दिवशी ईट गावाकडून भाजी घेऊन येणाऱ्या बाया फाटकासमोर येऊन थबकल्या. आठवडी बाजाराला वर्षानुवर्षं त्या तिथंच बसत होत्या. आम्हाला हे दिसलं नव्हतं, कारण आम्ही शुक्रवार ते बुधवार इमानानं बसलो आणि नेमका गुरुवार सोडला. गुरुवारी बाजार, आप्पांच्या दुकानात पाय ठेवायला जागा नसते. मंडळातले निम्मे व्यापारीच, त्यामुळं कुणाला त्यात वावगं वाटलं नाही. मलाही नाही.

बाया रस्त्याच्या कडेला, ट्रकच्या धुरळ्यात बसल्या. त्यांच्यातल्या सखूबाई तडक दुकानात आल्या. मी तिथंच होते. वाटलं, आता शिव्याशाप ऐकायला मिळणार. पण त्या शांतपणे म्हणाल्या, "आप्पा, झाडं लई चांगली लावली. आता आमी कुठं बसावं, तेवढं सांगा."

गिऱ्हाइकं उभी असताना आप्पांनी शटर ओढलं, हातात पक्कड घेतली आणि भर बाजारात, सगळ्या गावादेखत, स्वतः बांधलेली तार तोडायला लागले. मी मागं धावले. "आप्पा, काल हार घालून घेतले आन् आज तोडताय? मंडळाची अब्रू जाईल."

"जाऊ द्या," ते म्हणाले. "चूक आपलीच हाय." मग डोक्यावरची टोपी काढली आणि सखूबाईंना म्हणाले, "अक्का, चुकलं माझं."

मी जन्मभर पोरांच्या चुका लाल शाईनं दाखवत आले. स्वतःची चूक अशी चारचौघांत खोडणारा माणूस मी तेव्हा पहिल्यांदा पाहिला, आणि खरं सांगते, हात आपोआप जोडले गेले. पुढच्या गुरुवारीही दुकान बंद. आप्पा दिवसभर त्या बायांमध्ये पोत्यावर बसून होते. सावलीचे पत्रे कुठं हवेत, नळ कुठं हवा, सगळं त्यांनी बायांनाच विचारलं, आणि वर्षभरात ते उभंही केलं. निम्मी रोपं पायाखाली गेली, उरली ती बायांनीच जगवली.

आप्पांच्या माघारी मंडळाची बैठक झाली, तर आम्ही चौघंच. बसस्थानकासमोरच्या जागेचं काम राहिलंय. मीच म्हणाले, आता उन्हातान्हात आठवडाभर बसणार कोण? मंडळ बंद करू. तेवढ्यात दाराशी टोपल्या टेकवल्याचा आवाज झाला. सखूबाई आणि दोघी-तिघी बाया आत आल्या, संकोचून भिंतीला टेकल्या.

"बाई, अर्ज तुमी लिवा," सखूबाई म्हणाल्या. "बसायचं आमी बघतो. दिवस वाटून घेतलेत."

"आणि गुरुवारी?" मी विचारलं. बाजार चुकला तर या बाईचा आठवडा कसा जातो, हे मला ठाऊक होतं.

"गुरुवारी मी बसते," त्या म्हणाल्या. "एक बाजार न्हाय केला तर काय हुतंय."