सोळा मात्रांचा सोलो

सास्तूरच्या माणिकप्पांनी चाळीस वर्षं वरातीत सॅक्सोफोन वाजवला, पण एका जागी उभं राहून कधीच नाही. घोडा चालतो, वऱ्हाड नाचतं, बँडवाला त्यांच्याबरोबर चालतो. पाय थांबले की आपला सूरही थांबतो, हे त्यांचं त्यांनाच ठाऊक नव्हतं. ते उघडं पाडलं श्रियानं.

श्रिया धाराशिवला बँकेत नोकरी करायची आणि सुट्टीच्या दिवशी सोल संगीताच्या बँडमध्ये गायची. बँडला सॅक्सोफोनवाला हवा होता, म्हणून ती अप्पांकडं आली. सोल म्हटल्यावर माणिकप्पांना आधी चपलेचा तळ आठवला. तिनं मोबाईलवर दोन अमेरिकन गाणी ऐकवली. असं पोटातून ओढून गाणारं माणूस आपल्याकडं देवीची गाणी म्हणणाऱ्या आराध्यांच्या मेळ्यात सापडतं, असं म्हणत अप्पा लगेच तयार झाले.

तालमीत मात्र गडी वाजवता वाजवता खोलीभर फिरायचा. एकदा वायरीत अडकून ड्रमवाल्या उत्कर्षच्या मांडीवरच बसला. शेवटी श्रियानं माइकपुढं खडूनं चौकोन आखला आणि सांगितलं, सोलो सोळा मात्रांचा, आणि तो या चौकोनातच. अप्पांनी मुकाट कबूल केलं, कारण कार्यक्रमाला त्यांना जगदेवीला आणायचं होतं. बँडवाल्याच्या बायकोला वरातीचं आवतण कोण देतं? इतक्या वर्षांच्या संसारात नवऱ्याचं वाजवणं तिनं एकदाही ऐकलं नव्हतं.

रविवारी संध्याकाळी नाट्यगृह भरलं. सोलो आला, माणिकप्पांनी फुंकलं आणि नुसता चिरका आवाज निघाला. चार मात्रा गेल्या, आठ गेल्या. तिसऱ्या रांगेत जगदेवी तोंडाला पदर लावून बसलेली. अप्पांनी माइककडं पाठ केली आणि बाजा फुंकतच ते सरळ रंगमंचाच्या पायऱ्या उतरले.

पहिल्याच पावलाला सूर भरला. माइक हवा होता कुणाला? हा बाजा डीजेच्या भिंतींशी झुंजलेला. लोक उठले. श्रिया गात गात मागं आली, उत्कर्ष झांज घेऊन धावला, गिटारवाला वायर पुरली तिथवर आला आणि तिथंच नाचला. एका रिटायर मास्तरांनी दातात रुमाल धरून नागीण काढली. घोडा नाही, नवरदेव नाही, तरी वरात दारातून रस्त्यावर आली. एसटी थांबली आणि कंडक्टरही उतरला.

चौकात अप्पा भानावर आले. सोळाच्या किती मात्रा झाल्या देव जाणे, पोरीच्या कार्यक्रमाचं आपण मातेरं केलं, असं वाटून त्यांनी शरमेनं बाजा खाली घेतला. गर्दीतून वाट काढत जगदेवी पुढं आली. तिचे डोळे भरले होते.

“थांबू नगा,” ती म्हणाली. “समद्या गावाच्या लेकींसाठी वाजिवलं तुमी. आता माज्यासाठी वाजवा की जरा.”

माणिकप्पांनी बाजा पुन्हा तोंडाला लावला, आणि साठीची जगदेवी भर चौकात पदर खोचून नाचली.