मामींची अर्धी गोळी

गोळी कुणाच्या नावावर लिहिली आहे हे बघून तुम्ही ती गिळता, की कुणीतरी मायेनं हातावर ठेवली म्हणून? आमच्या शेजारच्या मामींना हा प्रश्न कधीच पडला नाही. त्यांनी आमच्या गल्लीत कुणाला औषधावाचून राहू दिलं नाही, आणि डॉक्टरकडे जाऊही दिलं नाही.

त्या माझ्या सख्ख्या मामी नव्हेत. अख्ख्या गल्लीच्या मामी. कालवण जास्त झालं की शेजारी जशी वाटी जाते, तसं त्यांच्याकडून औषध यायचं. गुडघ्याचं मलम, खोकल्याचं पातळ औषध, डोळ्यांचे थेंब. एकदा इचलकरंजीचा एक माणूस पत्ता विचारायला थांबला. "पावणं, डोळं लालभडक झाल्यात की! बसा हितं," म्हणत मामींनी त्याला कट्ट्यावर आडवा केला आणि दोन्ही डोळ्यांत थेंब सोडले. बिचारा पत्ता न विचारताच चाचपडत निघून गेला. डॉक्टरांची चिठ्ठी तर त्या वाचून झालेल्या मासिकासारखी फिरवत. "डॉक्टर लई हुशार हाय. एकट्यानं कशाला वापरायची? तुमी बी घ्या." स्वतःला मधुमेह असून गूळ मात्र खुशाल खात. डॉक्टरांनी साखर बंद सांगितली होती, गुळाचं नाव घेतलं नव्हतं.

इथपर्यंत मी हसत सांगते. पुढचं हसत सांगता येत नाही.

माझी धाकटी बहीण टायपिंगच्या क्लासला जायची. तिला बघायला राधानगरीकडचे पाहुणे आले. पोहे दोनदा मागून खाल्ले आणि निरोप पाठवला, मुलगी छान, पण अंगानं जरा कमी हवी. पोट सुटलेला नवरामुलगा स्वतः कधी काट्यावर उभा राहिला होता का, हे विचारायची सोय आपल्याकडे नाही. मला संताप आला, आईला काळजी लागली, बहिणीनं दुपारचं जेवण सोडलं. आणि मामींना उपाय सुचला.

डॉक्टरांनी त्यांना मधुमेहाच्या दोन गोळ्या दिल्या होत्या, एक मोठी आणि एक बारीक. त्या सुरू झाल्यापासून मामींचं वजन उतरलं होतं. "माझं झंपर बघ की, कसं ढिल्लं झालंय," त्या बहिणीच्या कानाशी लागल्या. "तू बी घे. घरात बोलू नगंस." मग रोज भाजीची वाटी यायची, आणि वाटीखालच्या ताटलीत कागदाची पुडी.

महिन्याभरात बहीण बारीक झाली. आम्ही काय केलं? ती बारीक झाली म्हणून आईनं पेढे वाटले. मुलींना वजनावर घेणाऱ्या समाजाविरुद्ध मी पानंच्या पानं लिहीत होते, आणि तीच मी तिला म्हणाले, "आता कशी छान दिसतेस!"

एके दुपारी ती उपाशीपोटी टाइप करता करता यंत्रावरच कोसळली. अंग घामानं चिंब, हात थरथरताहेत. दवाखान्यात डॉक्टरांनी शिरेतून ग्लुकोज दिलं तेव्हा तिनं डोळे उघडले आणि पुडीची हकिगत सांगितली. "साखर पार खाली गेली होती," डॉक्टर म्हणाले. "उशीर झाला असता तर पोर हातची गेली असती."

मी तडक मामींच्या दारात गेले. "मामी, जीव घेतला असतात तुम्ही तिचा!" गल्ली गोळा झाली. एरवी चार घरांपलीकडे ऐकू जाणाऱ्या मामी चप्पल घालून माझ्यामागून दवाखान्यात आल्या. तिथं डॉक्टरांनी त्यांचंही रक्त तपासलं, आणि कागद बघून ते खुर्चीतून उठलेच.

"मामी, साखर एवढी वाढलीय, तुम्ही गोळ्या घेत नव्हता?"

"घेत हुतो की. अर्धी," मामी पुटपुटल्या. "अर्धी तिला देत हुतो. मला कोन बघाय येनार हाय? पोरीचं जमाय पायजे."

माझा राग तिथंच अडला. पाहुण्यांवर, आईवर, माझ्यावर तो आजही आहे. मामींवर धरता येईना.

बहीण बरी झाली. मामींच्या पायाला झालेली जखम मात्र वाढलेल्या साखरेनं चिघळली, अंगठा काढावा लागला. आता त्या उंबऱ्यावर बसून जाणाऱ्यायेणाऱ्याला "बरं हाय न्हवं?" एवढंच विचारतात. हात मांडीवर रिकामे असतात. ते मला बघवत नाहीत.

तुमच्या शेजारीही अशी कुणी असेल. तिच्याकडून औषध घेऊ नका. पण आज संध्याकाळी तिच्या घरी जा, पाण्याचा तांब्या तिच्यापुढे ठेवा, आणि तिची अख्खी गोळी तिच्या घशाखाली उतरल्याशिवाय उठू नका.