दुखत तर काहीच नव्हतं

कॉलेजात तिला खऱ्या नावाने कोणी हाक मारत नसे. नाव हजेरीपुरतं, एरवी ती सगळ्यांची शिडी. शाळेत याच उंचीपायी ती पोक काढून चालायची. कॉलेजच्या पहिल्या आठवड्यात बास्केटबॉल शिकवणाऱ्या बाईंनी तिला जिन्यात गाठलं, नखशिखांत न्याहाळलं आणि विचारलं, "खेळतेस?" ती नाही म्हणाली. बाई म्हणाल्या, "उद्यापासून खेळतेस."

पहिले सहा महिने चेंडू तिच्या हातात टिकेल तर शपथ. पण दुसऱ्या वर्षी ती बास्केटखाली उभी राहिली की समोरच्या संघाची डाळ शिजेना. कडीवर आपटून परत आलेला चेंडू तिच्याच पंजात येऊन बसायचा. पोक कधी गेलं ते तिलाही कळलं नाही.

तिचे बाबा शहरात बस चालवायचे. ते पाळी बदलून घेत आणि गणवेशातच सामन्याला येऊन सगळ्यात वरच्या पायरीवर बसत. खेळातलं ओ की ठो कळत नसल्यामुळे समोरच्या संघाने बास्केट केली तरी टाळ्या वाजवत. मुली हसत. शिडीला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं, पण ते आले नाहीत तर तिचं खेळात लक्ष लागत नसे.

तिसऱ्या वर्षी संघाची मोठ्या स्पर्धेसाठी निवड झाली आणि सगळ्यांची वैद्यकीय तपासणी निघाली. बाकीच्या मुली पाच-पाच मिनिटांत बाहेर आल्या. शिडीला डॉक्टरांनी थांबवून घेतलं. छातीवर यंत्र फिरवलं, पडद्याकडे पाहिलं, पुन्हा फिरवलं. मग बाईंना आत बोलावून त्यांनी सांगितलं की, हृदयाची भिंत जन्मतःच जाड आहे. जोराने धावताना ते एकाएकी बंद पडू शकतं. आजपासून खेळ बंद.

"पण मला काही होत नाही," शिडी म्हणाली. "दम लागत नाही, चक्कर येत नाही. दुखत तर काहीच नाही."

डॉक्टर म्हणाले, बऱ्याच जणांना काहीच होत नाही, शेवटपर्यंत.

तिने बाईंच्या विनवण्या केल्या. एकच स्पर्धा, नाहीतर निदान अर्धा सामना. घरून परवानगी लिहून आणते म्हणाली. बाईंची जीभ एरवी कात्रीसारखी चालायची, पण त्या दिवशी त्या बराच वेळ शिट्टीची दोरी बोटाला गुंडाळत राहिल्या. मग म्हणाल्या, "तू पडलीस तर मी काय करू, सांग."

तेवढ्यावर भागलं असतं तरी तिने सोसलं असतं. पण हा दोष घराण्यातून येतो, म्हणून डॉक्टरांनी आईवडिलांनाही तपासायला बोलावलं. आईचं हृदय ठणठणीत निघालं. बाबा तर "मला काय धाड भरलीय?" असं म्हणत गणवेशातच टेबलावर आडवे झाले होते. त्यांची भिंत लेकीपेक्षा जाड निघाली.

साठ माणसं पाठीशी घेऊन बस चालवणारा माणूस. डेपोने डॉक्टरांनी दिलेला कागद वाचला आणि दुसऱ्याच दिवशी त्यांना स्टिअरिंगवरून उतरवलं. सव्वीस वर्षांत त्यांच्या बसला साधा ओरखडा नव्हता. साहेबांनी त्यांना चहा पाजला, वाईट वाटतं म्हणाले आणि बसमध्ये विसरलेल्या वस्तूंच्या खोलीवर नेमलं. छत्र्या, डबे, चष्मे. एकदा कवळीसुद्धा आली. बाबा घरी येऊन कवळीची गोष्ट रंगवून सांगायचे. बरं झालं वेळेत कळलं, असंही येईल त्याला सांगायचे.

आईने मात्र तोंडाला कुलूप लावलं होतं. एकदाच कपड्यांच्या घड्या घालता घालता तिच्या तोंडून निघून गेलं, "तू खेळायला गेलीच नसतीस तर..." आणि ती पुढची घडी घालू लागली. बोलायची गरजही नव्हती. शिडी स्वतःच ते रोज मनात पुरं करत होती. आणि मग बाबा बस चालवता चालवता गेले असते तर? हेही होतंच. दोन्हीकडून तिची कोंडीच.

एका दुपारी ती डेपोत डबा द्यायला गेली. बाबा खोलीच्या दारात उभे होते. त्यांची जुनी बस दुसराच कोणी बाहेर काढत होता. बस फाटकाच्या वळणावर येताच बाबांचा उजवा पाय, ब्रेकवर असावा तसा, फरशीवर हलकेच दाबला गेला. डबा हातात तसाच धरून ती मागे थांबून राहिली.

स्पर्धेला बाईंनी तिला संघाबरोबर नेलं आणि गुण लिहायला टेबलावर बसवलं. तिच्या जागी पहिल्या वर्षाची एक मुलगी खेळली. बिचारी जीव तोडून उड्या मारत होती आणि चेंडू दर वेळी तिच्या बोटांवरून जात होता. कुठे उभं राहायचं ते शिडीला टेबलावरून स्वच्छ दिसत होतं, पण टेबलावर बसणाऱ्याने ओरडायचं नसतं. पोरी चार गुणांनी हरल्या. त्या गळ्यात गळे घालून रडत असताना तिने कागदावर बेरीज तपासली, खाली सही केली.

घरी बाबा वाट पाहत होते. तिने गुण सांगितले.

"तू असतीस तर?" त्यांनी विचारलं.

"काय माहीत, बाबा."

त्यांनी मान हलवली आणि सकाळचं वर्तमानपत्र पुन्हा उघडलं. ती आत गेली, हातपाय धुतले आणि आईबरोबर पानं घ्यायला लागली.