आजी, गोळी घ्या

दुपारी चारचा ऑनलाइन वर्ग. माझ्या नर्सिंगच्या मुली एकाच पडद्यासमोर दाटीवाटीने बसलेल्या. पलीकडे नॉर्वेतल्या मुली, प्रत्येकीची वेगळी चौकट. विषय रुग्णाची सुरक्षितता. तिकडच्या एकीने औषध देऊन दाखवलं. खाटेवरच्या बाईला तिने आधी पूर्ण नाव विचारलं, मनगटावरची नावाची पट्टी वाचली आणि मगच गोळी दिली.

"मॅडम, किती कोरडं वाटतं," आमची सुनीता कुजबुजली. "आपण कसं आजी म्हणतो!"

इतकी वर्षं शिकवून आता रागवायचंही त्राण उरलेलं नाही. शिवाय तिचं खोटं नव्हतं. आपल्या वॉर्डात आजी, मावशी, काकाच असतात, आणि त्या हाकेने माणूस निम्मा बरा होतो, हे मी पाहिलंय.

पण नवीन असताना मीही "आजी, गोळी घ्या" म्हणत हात पुढे केला होता. गोळी एका आजींची, पण शेजारच्या खाटेवरच्या दुसऱ्याच आजींनी ती निमूट गिळली. साखर उतरवायची गोळी, आणि त्यांना मधुमेह नव्हताच. दिवसभर मी त्यांना साखरपाणी पाजत उशाशी बसले. निभावलं. संध्याकाळी त्याच म्हणाल्या, "पोरी, तू जेवलीस का?"

हे मी वर्गात सांगून टाकलं, मोडक्या इंग्रजीत. मग ती नॉर्वेची मुलगी हळूच म्हणाली, "त्यांचं नाव काय होतं?"

मी आठवत राहिले. चेहरा आठवला, हातावरचं गोंदण आठवलं. नाव मी त्या अख्ख्या दिवसातही विचारलं नव्हतं.