गंजवाले सर आणि आमची ही

आमच्या हिला चार वर्षांपूर्वी एका शास्त्रज्ञाच्या घरात नोकरी लागली. शास्त्रज्ञ केव्हाच गेलेला, घराचं संग्रहालय केलेलं. हिचं काम म्हणजे येणाऱ्यांना घर दाखवणं. त्या गृहस्थाने जन्मभर गंजाचा अभ्यास केला म्हणे. लोखंडाला गंज चढतो हे सांगायला शास्त्रज्ञ कशाला हवा? माझ्या जुन्या कात्र्या दाखवल्या असत्या की! जग त्याला विसरलं, ते बरंच झालं. आमची ही मात्र विसरायला तयार नाही.

मी शिंपी. दिवसभर मान खाली घालून मशीनवर बसायचं आणि घरी आल्यावर ऐकायचं काय, तर सरांना गरम सोसायचं नाही, सर डाव्या कुशीवर झोपायचे. ज्याला कधी डोळ्यांनी पाहिलं नाही त्याची कूस हिला ठाऊक! माझ्या अंगाचा नुसता तिळपापड व्हायचा. मेलेल्या माणसाशी भांडताही येत नाही. शेवटी परवा दुकान बंद ठेवलं आणि सरळ तिकीट काढून आत गेलो. म्हटलं, बघू तरी कोण लागून गेलाय.

बरोबर पाच-सहा पाहुणे होते. मला बघून ही दचकेल असं वाटलं होतं. कसलं काय! खोलीभर फळ्यांवर बाटल्या, प्रत्येकीत एक खिळा. कुठला पाण्यात, कुठला मिठात, कुठला तेलात. मी एक बाटली उचलायला गेलो.

"काका, वस्तूंना हात लावू नका," ही म्हणाली.

काका! स्वतःच्या नवऱ्याला!

खुंटीवर त्याचा कोट होता. एक खांदा उतरलेला, अस्तर लोंबतंय. असा कोट मी दिला असता तर गिऱ्हाइकाने तोंडावर फेकला असता. त्या कोटावरची धूळ हिने बोलता बोलता अशा हलक्या हाताने झटकली की मला बघवेना.

"या खिळ्याला गंज चढायला अकरा वर्षं लागली," ती सांगत होती. "सर रोज सकाळी त्याची विचारपूस करायचे. बाई रुसून माहेरी गेल्या, ते मात्र त्यांना तिसऱ्या दिवशी कळलं."

पाहुणे खळखळून हसले. एका बाईने तर आणखी सांगा म्हणून हिचा हात धरला. ही विनोद करते, हे मला माहीतच नव्हतं. परक्यांना फुकटात मिळणारं ते हसू बघून माझा जळफळाट झाला.

सगळे गेल्यावर मी तिला गाठलं.

"एवढं काय आहे गं त्या माणसात?"

ती खिडक्या लावत होती. शेवटची लावून माझ्याकडे वळली.

"लग्नाला बावीस वर्षं झाली. जेवायला काय आणि किल्ली कुठे, एवढं सोडून आज पहिल्यांदा तुम्ही मला काही विचारलंत," ती म्हणाली. "आणि तेही त्यांच्याबद्दल."