केकवरचं नाव

“झाकण उघड, रॉन.”

“केक संध्याकाळी कापायचाय. आत्ता दुपारचे तीन वाजलेत.”

“मला खायचा नाहीये. वाचायचाय.”

“व्हर्ना, तुला म्हातारचळ लागलाय.”

“मला? मतदान संध्याकाळी साडेसहाला आणि तू केक घेऊन आलास तीनला! उघड. नाहीतर मी उघडते, कात्री हातातच आहे.”

रॉन डुडाशने पांढरा खोका छातीशी आणखी घट्ट धरला. ब्रिंकर्स रन नगर परिषदेचा अध्यक्ष, सहासष्ट वर्षांचा धिप्पाड माणूस, खोका पाठीमागे घेत तिरका तिरका फ्रिजकडे सरकला.

“नुसतं ‘अभिनंदन’ लिहिलंय,” तो म्हणाला. “जो कुणी होईल त्याचं.”

“त्याखाली निळा बिल्ला आहे आणि बिल्ल्याखाली ‘चीफ शुस्टर’.”

रॉनचा हात फ्रिजच्या दारावरच थबकला. “तुला कुणी सांगितलं?”

“गावात बेकरी एकच आहे, रॉन.”

“हे बघ, तू चिटणीस आहेस. तुझं काम लिहायचं. तू लिही.”

“लिहिलंय,” व्हर्ना म्हणाली.

त्याला ते कळलं नाही. केक आत ढकलून, दार आपटून तो निघून गेला.

व्हर्ना हुडाकला या टेबलावर सव्वीस वर्षं झाली होती. हिरव्या पाठीच्या जाडजूड वह्या, त्यात तिचं उजवीकडे कललेलं अक्षर. कोण काय बोललं, ठराव कुणी मांडला, अनुमोदन कुणी दिलं. काचेचा कारखाना बंद पडला ती सभा तिच्या वहीत आहे, शाळा शेजारच्या गावात विलीन झाली ती आहे, ओढ्यावरच्या पुलाला रंग कुठला द्यायचा यावर तीन तास झालेलं भांडणही आहे. व्हर्ना मात्र त्या वह्यांत कुठेच नाही. इतरांचं बोलणं टिपून घ्यायचं, स्वतः तोंड उघडायचं नाही, ही तिची नोकरी आणि हाच तिचा स्वभाव. दोन्ही एकमेकांत असे मुरले होते की आधी कुठलं आलं हे तिलाही सांगता आलं नसतं.

घरीही तेच. नवरा अँडी चिडला की ती उलट उत्तर द्यायची नाही. स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर त्या तारखेच्या चौकोनात लिहायची, ‘अँडी रागावला. कारण छत्री.’ त्याच्या फुप्फुसांबद्दल डॉक्टरांनी आधी तिला एकटीला सांगितलं. तेही तिने चौकोनात लिहिलं, बारीक अक्षरात, आणि पुढचे सहा आठवडे शुक्रवारी चर्चच्या हॉलमधून त्याच्यासाठी पिरोगी, बटाट्याचं सारण भरलेल्या उकडलेल्या करंज्या, आणत राहिली. अँडीला कळलं ते नर्सकडून. त्याने कॅलेंडरची मागची पानं उलटून पाहिली, परत खिळ्याला लावली आणि मरेपर्यंत तो विषय काढला नाही.

तर अशी ही व्हर्ना. आणि गेले आठ दिवस ती आतून नुसती उकळत होती.

चौदा महिन्यांपूर्वी गावच्या जुन्या पोलीस चीफचं हृदयाचं ऑपरेशन झालं, ते घरी बसले. तेव्हापासून सार्जंट तेरेझा मिहालिक प्रभारी प्रमुख होती. एकोणीस वर्षं नोकरी, सगळी याच गावात. ओढ्याला पूर आला तेव्हा खालच्या आळीतल्या अकरा म्हाताऱ्यांना तिने बंबाच्या गाडीवर बसवून चर्चमध्ये नेलं होतं. न्हावी गॅरी पेट्रिकचा बाप भ्रमिष्ट होता, दर हिवाळ्यात पायजम्यावर घराबाहेर पडायचा. त्याला शोधून, आपला कोट घालून घरी आणणारी तेरेझाच. तिचा बाप आणि अँडी कारखान्यात एकाच भट्टीवर. त्यामुळे व्हर्ना तिची टेटा. त्यांच्यातल्या जुन्या स्लोव्हाक घरांत मावशीला अजून टेटाच म्हणतात.

जागेसाठी अर्ज तीन आले. एक बाहेरचा होता, त्याने आपणहून माघार घेतली. दुसरी तेरेझा. तिसरा क्रेग शुस्टर, रॉनच्या बायकोचा भाचा, काउंटीच्या तुरुंगात पाच वर्षं पहारा केलेला.

“याला रस्ते तरी माहीत आहेत का गावातले?” व्हर्नाने वहीत न लिहिता मनात म्हटलं होतं, आणि निश्चिंत राहिली होती. इतकी निश्चिंत, की तीन आठवड्यांपूर्वीच तिने तेरेझाला सांगून टाकलं, “आईला नवा ड्रेस घे.”

कारण ब्रिंकर्स रनमध्ये नव्या चीफच्या छातीवर बिल्ला लावते ती त्याची आई. आई नसेल तर बायको, बायको नसेल तर बहीण. महापौर नुसता शपथ देतो. तेरेझाची आई ॲना एक्याऐंशीची, वृद्धाश्रमात राहायची, बोटं सांधेदुखीने वाकलेली. नर्सकडून तिच्या नावाचा एक जुना बिल्ला मागून ती रोज जेवणानंतर सोफ्याच्या उशीला लावायची, काढायची, पुन्हा लावायची.

मग गेल्या आठवड्यात सोमवारी सकाळी बेकरीतून आयरीनचा फोन आला.

“व्हर्ना, चीफ शुस्टरच्या केकवर बिल्ला सोनेरी काढू की निळा? रॉन सांगायला विसरला. जूनमध्ये लग्नांची गर्दी असते बाई, मला आजच रंग काढून ठेवायचेत.”

मुलाखती गुरुवारी होत्या. मतदान पुढच्या मंगळवारी.

व्हर्नाच्या हातात पेन होतं. सव्वीस वर्षं लोक फोनवर प्रश्न विचारत आले होते आणि ती उत्तर देत आली होती. दिलं.

“निळा,” ती म्हणाली.

फोन ठेवल्यावर तिचे कान तापले. ‘कुणाचा केक?’ एवढंसुद्धा विचारता आलं नाही आपल्याला! तिने निरोपांची वही ओढली आणि वेळेसकट सगळं उतरवून काढलं. मग तेरेझाला फोन लावायला हात उचलला, आणि खाली ठेवला. पोरगी खचेल. गुरुवारी चांगलं बोलायची ती बोलणार नाही. त्यापेक्षा सभेत, सगळ्या गावादेखत वाचू. एकदा वहीत आलं, मोठ्याने वाचलं, की मग नाही म्हणण्याची कुणाची छाती आहे? सातातली तीन मतं रॉनच्या मुठीत, तीन तेरेझाकडे. उरला गॅरी पेट्रिक. त्याच्या बापाला कोट कुणी घातला होता?

साडेसहाला हॉल भरला. बाहेर अजून लख्ख ऊन होतं आणि दोन्ही पंखे गरम हवाच ढवळत होते. पहिल्या रांगेत ॲना, जांभळट ड्रेस, मांडीवर पर्स. शेजारी कडक इस्त्रीच्या गणवेशात तेरेझा. मागच्या रांगेत क्रेग शुस्टर, केस ताजे कापलेले. ते कुणी कापले हे व्हर्नाने ओळखलं, पण त्याचा अर्थ तिने लावला नाही.

चौथा विषय, ‘आलेली पत्रं आणि निरोप’. दर महिन्याला व्हर्ना ती वही वाचते आणि दर महिन्याला लोक या वेळात खोकून घेतात.

“तीन तारीख. एल्म रस्त्यावर कुत्रं सारखं भुंकतंय. चार तारीख. तेच कुत्रं, दुसरा शेजारी. पाच तारीख. चर्चच्या पिरोगी विक्रीसाठी रस्ता बंद ठेवण्याची विनंती. आठ तारीख, सोमवार.” तिने चष्मा सारखा केला. “सकाळी नऊ चाळीस. बेकरीतून फोन. प्रश्न, चीफ शुस्टर यांच्या केकवर बिल्ला सोनेरी काढायचा की निळा. केक अध्यक्षांनी मागवलेला. उत्तर दिलं, निळा. नऊ तारीख. एल्म रस्ता, कुत्रं.”

खोकणं थांबलं.

“थांब थांब,” मागून कुणी म्हातारा ओरडला. “आठ तारखेला? मुलाखती अकराला होत्या ना?”

“मग मुलाखत कुणाची घेतली, केकची?”

हशा झाला, पण त्या हशाला दात होते. रॉनने लाकडी हातोडी आपटली. “हे कामकाजात येत नाही!”

“चौथा विषय आहे,” व्हर्ना म्हणाली. तिचा आवाज चिरका झाला. “आलेले निरोप. हा आला होता.”

“अरे, तयारी म्हणून सांगून ठेवला होता! नाव काय, कधीही बदलता येतं. साखरच आहे ती.”

“साखरेवरचं बदलशील रे,” एक बाई उभी राहिली, “डोक्यातलं कसं बदलणार?”

“लाज वाटू दे, रॉन!”

“बायकोचा भाचा म्हणून गाव दिलं का आंदण?”

रॉनचा चेहरा बिटासारखा झाला. सातही जण आतल्या खोलीत गेले, दार लागलं. दहा मिनिटांनी बाहेर आले तेव्हा कुणी कुणाकडे बघत नव्हतं. ठराव मांडला गेला, क्रेग शुस्टर यांची पोलीस प्रमुखपदी नेमणूक. व्हर्नाने एकेक नाव पुकारलं. हो. नाही. नाही. हो. हो. नाही.

“पेट्रिक.”

गॅरी टेबलावरचा कागद हाताने सपाट करत होता. सपाटच होता तो.

“गॅरी पेट्रिक,” व्हर्ना पुन्हा म्हणाली. कुणाचं नाव दुसऱ्यांदा पुकारण्याची तिच्यावर ही पहिलीच वेळ.

“ऐकू आलं मला.” गॅरीने वर पाहिलं नाही. “हो.”

आणि ते तिलाच लिहावं लागलं. चार विरुद्ध तीन. तिचं कललेलं अक्षर, नेहमीसारखंच सुबक. त्या सुबक अक्षराचाच तिला असा संताप आला की पेन कागदातून आरपार गेलं.

हॉलमध्ये एकच आवाज उरला होता. ॲनाला ऐकू कमी यायचं, म्हणून ती मोठ्याने बोलायची.

“झालं का ग? आता लावू?” तिने पर्समधून बिल्ला काढला होता. नवा तर महापौरांच्या डबीत होता. हा तिच्या सरावाचा.

“नाही, आई. ठेव तो.”

“पण मला जमतंय आता. बघ.”

“आई, ठेव.”

क्रेग शुस्टरच्या छातीवर त्याच्या आईने बिल्ला लावला. महापौरांनी शपथ दिली, टाळ्या तुरळक पडल्या. मग केक आला. आणि अर्ध्या तासापूर्वी लाज काढणारे तेच लोक कागदी बशा घेऊन रांगेत उभे राहिले. डोक्यातलं नाव कसं बदलणार म्हणणाऱ्या बाईला कोपऱ्याचा तुकडा हवा होता, त्यावर क्रीम जास्त असतं. व्हर्नाला वाटलं, टेबल उलथून टाकावं. तिने वही बंद केली आणि तेरेझाला दाराशी गाठलं.

“हरामखोर आहेत सगळे,” ती म्हणाली. सव्वीस वर्षांत तिने हा शब्द या इमारतीत तोंडातून काढला नव्हता. “तो गॅरी! त्याच्या बापाला तू—”

“टेटा, तो फोन आठ तारखेचा होता?”

“हो. नऊ चाळीस.”

“माझी मुलाखत अकरा तारखेला होती.”

“हो, पण मला वाटलं, सगळ्यांदेखत वाचलं की—”

“पन्नास मिनिटं बसले मी त्या खोलीत. पुराचे नकाशे घेऊन. रॉन मला विचारत होता, पाच वर्षांनी तुम्ही स्वतःला कुठे पाहता. मी उत्तर देत होते, टेटा. मनापासून देत होते. आणि तू कॉफी घेऊन आलीस. साखर हवी का म्हणालीस.”

“तू खचू नयेस म्हणून गं.”

“आईला आज घेऊन आले मी. गाडीत दोनदा विचारलं, पर्स घेतलीस ना. एक फोन केला असतास तर ती आत्ता खोलीत बसून टीव्ही बघत असती.”

“मी वहीत लिहिलं, तेरेझा. सगळं लिहिलंय. वेळेसकट. आता मी वकिलाकडे नेते वही, वर्तमानपत्राकडे नेते—”

“निळा कुणी सांगितला?”

व्हर्ना केकच्या टेबलाकडे बघू लागली.

“तू वाचलंस ना, उत्तर दिलं, निळा. कुणी दिलं उत्तर?”

“तोंडातून निघून गेलं गं.”

“निघालं तर तेवढंच निघालं.” तेरेझा ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं. “रॉन निदान शत्रू आहे. त्याच्याकडून मला काही अपेक्षा नव्हती.”

मागे कुणीतरी काटे संपले म्हणून बोंबलत होतं. व्हर्नाने तेरेझाची बाही धरली. इस्त्रीची कडा तिच्या बोटांना टोचली.

“उद्या कामावर येशील ना? तेरेझा? त्या शुस्टरला गाव देऊन जाऊ नकोस. मला शिव्या दे हव्या तर. इथेच दे, सगळ्यांसमोर दे. पण काहीतरी बोल.”

तेरेझाने तिची बोटं एकेक करून सोडवली. आईच्या हातातला बिल्ला घेतला, पर्समध्ये टाकला, पर्स बंद केली. मग तिने ॲनाच्या काखेत हात घातला आणि दोघी पायऱ्या उतरून, उन्हातून, गाडीकडे चालू लागल्या.